मीटरचा डेटा आणि तुझा प्रोजेक्ट

प्रिय ओंकार,

परवा फोनवर तू विचारलंस की आई, इतकी वर्षं तेच तेच मीटरचं सॉफ्टवेअर लिहून कंटाळा येत नाही का, आणि तेवढ्यात तुझी मेसची वेळ झाली, बोलणं राहिलंच, म्हणून लिहायला बसलेय. नाही येत रे कंटाळा. उलट तुमच्या प्रोजेक्टला विजेचा डेटा मिळालाय हे ऐकल्यापासून तुला काय काय सांगू असं झालंय.

काल एका नव्या मुलाचा कोड रिव्ह्यूला आला होता. आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा टॉवेलचा कारखाना धर, ४० किलोवॅट लोड, म्हणजे दर पंधरा मिनिटांना १० युनिट. तीन तास नेटवर्क गेलं. मीटर आत मोजतच असतो, फक्त रीडिंग आपल्यापर्यंत पोचत नाही. या पोरानं काय केलं, रीडिंग नाही ना, मग वापर शून्य धरला. नेटवर्क आल्यावर तीन तासांचे सगळे १२० युनिट शेवटच्या पंधरा मिनिटांत पडले, चार्टवर ४८० किलोवॅट! आणि त्याआधी कारखाना बंद, जेव्हा की रात्रपाळीचे माग धडाधड चालू होते. एरर एक नाही, टेस्ट सगळ्या पास. मला अशाच कोडची सगळ्यात जास्त भीती वाटते. रीडिंग आलं नाही तर ती जागा रिकामी ठेवायची, नंतर मीटरच्या मेमरीतून लोड प्रोफाइल, म्हणजे दर पंधरा मिनिटांच्या वापराची साठवलेली नोंद, परत ओढून भरायची, आणि अंदाजानं भरलीस तर हा अंदाज आहे असं तिथंच नोंदवायचं. त्याला तासभर बसून समजावलं, पटलं त्याला.

तुला वाटेल एका कारखान्याचं काय एवढं. पण दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात, प्रत्येक ब्लॉकमधे आपण किती वीज घेणार ते वितरण कंपनीनं आधी कळवायचं असतं, फरक पडला की पैसे मोजावे लागतात, आणि तो अंदाज मागच्या डेटावरूनच बांधतात. खोटं शून्य तिथपर्यंत जातं. मागणी-पुरवठा जुळवून विजेची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमधे ठेवायची धडपड सगळ्या देशाची एकत्र असते, आणि त्यात आपल्या सोलापूरचं नाव आहे बरं का, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाइन चालू झाली तेव्हा दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बाकी देशाला जोडलं गेलं. मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

अजून एक, वेळ यूटीसीमधे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवा पण दिवसाची बेरीज भारतीय वेळेनं करा, नाहीतर रात्री बारा ते साडेपाचचा सगळा वापर आदल्या तारखेला जातो. कॉलमच्या नावातच किलोवॅट की किलोवॅट-तास (म्हणजे युनिट) ते लिहा. फ्रेमवर्क कुठलं घ्यायचं यावर तुम्ही चौघं आठवडाभर भांडताय म्हणालास, माझं मत विचारशील तर जे चौघांनाही येतं ते घ्या, साधा पोस्टग्रेस डेटाबेस आणि पायथन पुरे, तो वेळ डेटा बघण्यात घाला. खरंच एकेक ओळ डोळ्यांनी बघा रे, निदान एका मीटरचा एक अख्खा दिवस.

शेंगा चटणी संपली असेल, शेजारच्या काकूंचा मुलगा रविवारी पुण्याला येतोय त्याच्याकडं देते. आणि तुमची ती सीएसव्ही फाइल मला पाठव, आधी तिच्यात शून्यं किती आहेत ते बघते.

तुझी आई