‘टोळी’, ‘लुटारू’ आणि बुशहरची डायरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत इराणच्या आखातातील बुशहर बंदराच्या इतिहासावर आलेला लेख मी दोनदा वाचला. अणुवीजकेंद्रामुळेच ज्यांना बुशहरचे नाव ठाऊक आहे, अशा मराठी वाचकांपुढे त्या बंदराचा जुना काळ मांडल्याबद्दल लेखकाचे आभार मानले पाहिजेत. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. तिथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या, म्हणजे रेसिडेंट या ब्रिटिश राजकीय प्रतिनिधीच्या कचेरीच्या, साप्ताहिक डायऱ्या आणि वार्षिक अहवाल यांतील नोंदी लेखकाने जशाच्या तशा उचलल्या आहेत, आणि त्या मराठीत आणताना कश्काई, टंगिस्तानी, दश्तिस्तानी अशा दक्षिण इराणातील सर्व लोकांना सरसकट ‘टोळ्या’ म्हटले आहे. मराठीत टोळी म्हटले की दरोडेखोर पाठोपाठ येतातच. इंग्रज अधिकाऱ्याने निदान आपल्या भाषेत जमातीला एक शब्द आणि लुटारूंच्या जथ्याला दुसरा शब्द वापरला होता. आपण दोन्ही एकाच शब्दात कोंबून त्याच्याही पुढे गेलो आहोत.

लेखात हे सगळे कागद ‘लंडनच्या परराष्ट्र खात्याचे’ म्हटले आहेत, तेही अर्धेच खरे आहे. इराणचा तेव्हाचा राज्यकर्ता करीमखान झंद याच्या परवान्याने १७६३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची वखार बुशहरला सुरू झाली. तिथला रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, त्यानंतर तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. १८७८ पासून त्याला कॉन्सल-जनरल हे पदही मिळाले आणि मग त्याला दोन धनी झाले, एक कलकत्ता-सिमल्याचा आणि दुसरा तेहरानच्या वकिलातीमार्फत लंडनचा. हा तपशील केवळ कारकुनी नाही. अहवाल कोणाला पाठवायचा आहे यावर त्यात काय लिहायचे हे ठरते, हे ज्याने एकदा तरी सरकारी नोकरी केली आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माल, मुंबईहून सुटणाऱ्या बोटी, कराचीकडून आलेली तारेची दोरी आणि हिंदी प्रजाजनांचे दावे हा रेसिडेंटचा रोजचा विषय होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा आखाती बंदरांतील क्वारंटाइनचे कामदेखील रेसिडेन्सीच्या डॉक्टरांकडे आले.

या डायऱ्यांचे छायाचित्रित पान आता घरबसल्या पडद्यावर पाहता येते. बुशहर, शिराझ, लिंगे, बंदर अब्बास अशी गावांची शीर्षके, आणि त्यांच्याखाली दोन-चार ओळींच्या नोंदी. सुभेदार बदलला, कॉलरा आला, अमुक खान तमुक खानावर चालून गेला, तांडा लुटला गेला. या शेवटच्या नोंदी इतक्या वेळा येतात की शिराझभोवतीच्या फार्स प्रांतात दुसरा उद्योगच नव्हता असे वाटू लागते. पण या नोंदी नकाशावर मांडून पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक एकाच रस्त्यावर पडतात. हा रस्ता बुशहरहून बोराजजान, दालकी, काझरून असा शिराझला चढतो. त्यावरचे घाट इतके अवघड होते की चाकाची गाडी चालणे अशक्य होते, सगळा माल खेचरांच्या पाठीवर जाई. जमातींचे जे जीवन या रस्त्यापासून दूर चालले होते, त्यांची मेंढरे, गालिचे, लग्ने, कुरणांवरचे तंटे, ते डायरीत जवळजवळ नाहीच. कश्काई वसंतात समुद्राकडच्या गरमसीरहून, म्हणजे उष्ण सखल प्रदेशातून, शिराझच्या उत्तरेच्या थंड प्रदेशाकडे निघत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परतत. लाखो जनावरांसह चाललेली ही माणसे रेसिडेंटला दिसतात ती मुख्यत्वे व्यापाराची वाट ओलांडताना.

आता ‘राहदारी’ हा शब्द घ्या. लेखकाने त्याचे भाषांतर ‘खंडणी’ केले आहे. वास्तविक हा शब्द भाषांतराशिवायच आपला आहे. जुन्या मराठी कागदांत राहदारीचे दस्तक आणि राहदारीची जकात पानोपानी भेटते. बुशहर-शिराझ रस्त्यावर प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या खानाच्या अखत्यारीत असे. तो खेचरामागे पैसे घेई आणि त्याबद्दल आपले तुफंगची, म्हणजे बंदूकधारी, तांड्याबरोबर देई. सुभेदार दर दोन-चार वर्षांनी बदलत, नव्या सुभेदाराला आधीच्यापेक्षा जास्त वसुली हवी असे, आणि ती अखेर याच खानांकडून यायची असे. खानाने दर वाढवला, शेजारच्या खानाने तो मानला नाही, चारवादार म्हणजे खेचरवाले मधल्यामध्ये अडकले, की बंदुका चालत. यात जुलूम होता, उघडी लूटही होती, मस्कतमार्गे येणाऱ्या बंदुकांनी ती वाढवली, हे मी नाकारत नाही. काही खान सरळ दरोडेच घालत. पण एखादी व्यवस्था मोडकळीला येणे वेगळे आणि लूट हाच तिथल्या लोकांचा स्वभाव म्हणणे वेगळे. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरवणारे सरकार आणि बुशहरला अधिकारी पाठवणारे सरकार एकच होते, एवढे महाराष्ट्रातील वाचकाने तरी विसरू नये.

अशा नोंदी साचत गेल्या की त्यांचे काय होते याचे उदाहरण लेखात यायला हवे होते. १४ ऑक्टोबर १९१० रोजी ब्रिटिश सरकारने तेहरानला खलिता दिला, की दक्षिणेतील रस्त्यांचा बंदोबस्त तीन महिन्यांत झाला नाही, तर हिंदी फौजेतील इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हजार-बाराशे शिपायांचे दल आम्हीच उभे करू, आणि त्यासाठी दक्षिणेतील बंदरांच्या जकातीवर दहा टक्के अधिभार लावू. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हिंदी फौजेच्या सेंट्रल इंडिया हॉर्स या रेजिमेंटचे स्वार शिराझमध्ये होते. लुटलेल्या खेचरांची मोजदाद कोणी केली, ती कोणाच्या दाव्यावरून केली आणि दावा करणाऱ्याला आकडा फुगवण्याचे कारण होते का, हे प्रश्न अशा वेळी किरकोळ राहत नाहीत.

हे अहवाल फेकून द्यावेत असे मी म्हणत नाही. उलट त्यांच्याइतका सलग साधनसंग्रह त्या काळाच्या दक्षिण इराणसाठी क्वचितच मिळेल. फक्त ते लिहिले कोणी, हे नीट पाहावे. शिराझला स्वतंत्र इंग्रज कॉन्सल नेमला जाण्यापूर्वी तिथली बातमी एतद्देशीय वकील आणि त्याचे लेखनिक फारसीत लिहून बुशहरला पाठवत. १८७४ ते १९०४ या काळातील अशा बातमीपत्रांचा मोठा संग्रह इराणमध्ये छापला गेला आहे, आणि इराणी अभ्यासक त्यांना ‘खुफियानवीस’ म्हणजे गुप्त बातमीदार म्हणतात. त्यांत पावाचा भाव आहे, बाजारातले भांडण आहे, सुभेदाराने कोणाला कोणती शिक्षा दिली ते आहे. रेसिडेंटचा इंग्रजी अहवाल या रसाळ मजकुराचा वाळवलेला अर्क आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील ‘वाकनीस’ हा शब्द ज्या ‘वाकियानवीस’वरून आला, त्याच परंपरेतील ही माणसे होती. फरक इतकाच की आपल्या वाकनिसाचे नाव दत्ताजी त्रिंबक म्हणून नोंदले गेले, आणि यांच्यापैकी बहुतेकांच्या लेखनाखाली शेवटी साहेबाची सही आली.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती पुण्याची आहे. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी बुशहरजवळच्या खुशाबच्या लढाईत मुंबईच्या फौजेने कश्काई पलटणीचे निशाण जिंकले. त्या निशाणावरचा चांदीचा पंजा पूना हॉर्स या रेजिमेंटने पुढे आपल्या ध्वजावर मिरवला. ज्यांना आपण आज टोळी म्हणतो, त्यांची तेव्हा इराणच्या शहाच्या सैन्यात कवायती पलटण होती.

लेखाच्या शेवटच्या भागाविषयी थोडे. पहिल्या महायुद्धातील १९१५ चे प्रकरण लेखकाने पाच ओळींत उरकले आहे. त्या वर्षी १२ जुलैला बुशहरबाहेरच्या चकमकीत मेजर ऑलिफंट आणि कॅप्टन रँकिंग मारले गेले, ८ ऑगस्टला इंग्रजांनी बंदर ताब्यात घेतले, आणि ३ सप्टेंबरला टंगिस्तानींचा पुढारी रईस अली दिलवारी ठार झाला. नोव्हेंबरात शिराझचा कॉन्सल ओ’कॉनर पकडला गेला आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत त्याला टंगिस्तानातील अहरमच्या गढीत ठेवण्यात आले. शेवटी बंदिवानांची अदलाबदल होऊन तो सुटला. जर्मन हस्तक वासमुस याने या सगळ्यात किती हात घातला यावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण टंगिस्तानींना केवळ त्याने पढवलेले लुटारू ठरवणे म्हणजे रेसिडेन्सीच्या तेव्हाच्या तारांचीच पुनरावृत्ती होय.

माझ्या दोन विनंत्या आहेत. १८७३ पूर्वीचा पत्रव्यवहार मुंबई सरकारशी झालेला असल्याने त्याची मुंबईची बाजू काळा घोड्याजवळच्या राज्य पुराभिलेखागारात शोधता येते. पुढील लेखासाठी लेखकाने तिथे काही दिवस घालवावेत, आणि शक्य तर फारसी जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला बरोबर घ्यावे. दुसरी विनंती आपल्याला आहे. लेखासोबतच्या रेखाचित्राखाली ‘टंगिस्तानी लुटारूंचा म्होरक्या रईस अली’ असे छापले आहे. त्याच्या मृत्यूचा दिवस इराणमध्ये ब्रिटिश वसाहतवादाविरुद्धच्या लढ्याचा दिवस म्हणून पाळला जातो. येत्या रविवारी ती ओळ दुरुस्त करून छापावी.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, डोंबिवली