ताई, पॉवर्ड मिक्सर घेताना

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गाण्याच्या कार्यक्रमांसाठी पॉवर्ड मिक्सर (माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारी पेटी) इथूनच घेऊन पाठवशील का, असं विचारलंयस. नको. इथली वीज १२० व्होल्टची, तिकडची २३०. काही मिक्सर दोन्ही व्होल्टेजवर चालतात, काहींना मागे खटका असतो, पण कित्येक एकाच व्होल्टेजसाठी बनवलेले असतात. तसला २३० वर लावला की आतला पॉवर सप्लाय गेला म्हणून समज. वॉरंटीही बहुतेक वेळा ज्या देशात वस्तू घेतली तिथेच चालते. तेव्हा तिकडेच घे. काय बघून घ्यायचा ते लिहितो.

पॉवर्ड मिक्सर म्हणजे मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. त्याला पॅसिव्ह, म्हणजे स्वतःचा ॲम्प नसलेले स्पीकर लागतात. तुमच्याकडे तसे चांगले स्पीकर आहेत म्हणूनच हा पर्याय बरा: विजेची वायर एकट्या मिक्सरला, स्पीकरकडे जाणारी एकेक केबल, संपलं. स्पीकर नसते तर मी साधा छोटा मिक्सर आणि दोन ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प असलेले स्पीकर घ्यायला सांगितलं असतं. कारण पॉवर्ड मिक्सरमधला ॲम्प कार्यक्रमाच्या मध्यात बसला, तर सगळंच बसतं. आणि दोन्हींची सरमिसळ कधी करू नका. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या रोधाचं माप) स्पीकरला २५० वॅट देणाऱ्या आउटपुटवर साधारण ४५ व्होल्ट असतात. ॲक्टिव्ह स्पीकरच्या इनपुटला लागतो जेमतेम सव्वा व्होल्ट. कोणी केबल बसतेय म्हणून खुपसली, तर तो स्पीकर परत दुरुस्तीलाच जाईल.

आता मुख्य मुद्दा. दुकानात आधी वॅट सांगतात, पण तू आधी ओहम विचार. मिक्सरच्या मागे स्पीकर सॉकेटपाशी किमान ४ ओहम किंवा किमान ८ ओहम असं छापलेलं असतं. एका बाजूला (डाव्या किंवा उजव्या) जोडलेल्या सगळ्या स्पीकरांचे मिळून ओहम त्या आकड्याखाली जाता कामा नयेत; आकडा जितका कमी, तितका ॲम्पवर ताण जास्त. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, तीन जोडले की २.६७, चार जोडले की २. एका स्पीकरच्या पाठीमागच्या दुसऱ्या सॉकेटमधून पुढच्या स्पीकरला केबल नेली, तरी ती जोडणी समांतरच असते. हे लक्षात येत नाही म्हणून घोटाळे होतात: आणखी एक स्पीकर हवा म्हणून मागून जोडला जातो, सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, आणि गाणं रंगात आल्यावर, आवाज सर्वांत मोठा असतानाच, ‘प्रोटेक्ट’चा दिवा लागून सगळं गप्प होतं. ॲम्प स्वतःला वाचवत असतो. स्वस्तातल्या काही पेट्यांत ही राखण धड नसते, मग थेट जळका वास येतो.

तुमच्या स्पीकरांवरची पट्टी पुसली गेली असेल तर मल्टिमीटरने मोज. केबल मिक्सरपासून काढायची आणि स्पीकरच्या दोन टोकांत रोध बघायचा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते सातच्या आसपास दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. आकडा छापलेल्यापेक्षा कमी दिसला म्हणून स्पीकर बिघडलाय असं समजू नकोस; छापलेला आकडा प्रत्यक्ष आवाज चालू असतानाचा, आणि मीटर मोजतो तो नुसत्या वायरच्या गुंडाळीचा.

मग वॅट. पेटीवर मोठ्या अक्षरात ‘१००० वॅट’ असेल तर तो बहुधा दोन्ही बाजूंची बेरीज असतो, तोही क्षणिक पीक. तू सलग मिळणारे वॅट, एका बाजूचे, आणि किती ओहमला, असं तिन्ही एकत्र विचार. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे कानाला ‘थोडा जास्त’ इतकाच. उलट ९४ ऐवजी ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) स्पीकर लावला तर तोच फरक फुकटात मिळतो. गणित करून बघ: ९६ डेसिबलचा स्पीकर, २०० वॅट, म्हणजे एक मीटरवर ११९ डेसिबलच्या आसपास. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल घटतात, तेव्हा आठ मीटरवर १०१. गाण्यात शिखर आणि सरासरी यांत दहा-बारा डेसिबलचं अंतर असतं, म्हणून सरासरी ९० च्या आसपास पडते. बंद खोलीत ८०-१०० माणसांना गाणं आणि निवेदन ऐकवायला हे पुरे. यामाहाचा ईएमएक्स२ बघ: दर बाजूला कमाल २५० वॅट, आणि वजन जेमतेम चार किलो. वॅटच्या हिशेबाने त्या वर्गातलं काहीही चालेल. मोकळ्या मैदानाचा विचार असेल तर हिशेब वेगळा. जुन्या पद्धतीचे जड ट्रान्सफॉर्मरवाले मिक्सर पंधरा किलोच्याही वर जातात. जिने चढायचे असतील तर क्लास डी (हलक्या, कमी तापणाऱ्या) ॲम्पवालाच घ्या.

‘१२ चॅनेल’ या आकड्याला भुलू नकोस. त्यात एकेक स्टीरिओ जोडी दोन म्हणून मोजलेली असते. समोर एक्सएलआरची, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलची तोंडं किती ते हाताने मोज. तीन गायक, निवेदक आणि एक माइक जास्तीचा, म्हणजे पाच हवीत. कीबोर्ड लाइन इनपुटला जाईल. गिटारच्या आत पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) असेल तर ‘हाय-झी’चं, म्हणजे पिकअपला चालेल असं इनपुट करणारं बटण असलेला चॅनेल बघ, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा संकेत माइकच्या इनपुटला चालेल असा करणारी डबी) लागतो, साध्या लाइनमध्ये ते पिकअप पातळ, कर्कश वाजतं. ४८ व्होल्टचं फँटम (काही माइकांना केबलमधूनच मिळणारी वीज) स्वस्त मिक्सरांत सगळ्या माइकांना मिळून एकाच खटक्यावर असतं. साध्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही, पण ते चालू असताना माइकची पिन काढू-घालू नका, स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. लॅपटॉपचा हेडफोन जॅक मात्र एक्सएलआरमधून कधीच जोडू नका.

९९ इफेक्टचा काही उपयोग नाही. एक बरा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) हवा, आणि निवेदन सुरू झालं की तो झटकन बंद करायचं बटण.

माझ्या मते लहान जागेत सर्वांत जास्त कामाचा असतो तो आउटपुटचा मोड बदलायचा खटका. स्टीरिओत डावीकडच्या श्रोत्याला उजवीकडचं नीट ऐकूच येत नाही. खटका ‘मेन-मॉनिटर’वर टाकला की एक ॲम्प श्रोत्यांच्या दोन्ही स्पीकरांना (८ आणि ८, मिळून ४ ओहम) आणि दुसरा गायकांपुढच्या मॉनिटरला (गायकांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरला). सगळ्या मॉडेलांत तो नसतो, आणि ईएमएक्स२सारख्या लहान पेटीवर एका बाजूला ४ ओहम चालतात का हे आधी वाचायला हवं, म्हणून दुकानात हे खास विचारून घे. मॉनिटरचा नॉब फेडरच्या (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांडीच्या) आधीचा, म्हणजे प्री-फेडर असला पाहिजे. तसा नसेल तर श्रोत्यांसाठी फेडर वर केला की मॉनिटरही वाढतो आणि माइक शिट्टी मारतो.

शिट्टीचं बोलायचं तर मिक्सरपेक्षा मांडणी जास्त महत्त्वाची. मेन स्पीकर माइकांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूला बहिरा असतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे. जाळी मुठीत धरली की माइक चारही बाजूंनी ऐकू लागतो. हे गायकांना बजावून सांग. तरीही शिट्टी आलीच तर मास्टरवरच्या सात पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये दोषी पट्टी शोधायची आणि ३ ते ६ डेसिबलच खाली घ्यायची. त्यातली एकेक पट्टी सप्तकभर रुंद असते, सगळ्याच खाली ओढल्या तर आवाज पोकळ होतो. काही मिक्सरांत शिट्टीच्या पट्टीपाशी दिवा लागतो, शिकाऊ हाताला त्याचा खरंच उपयोग होतो.

गेन (माइकचा आवाज चॅनेलमध्ये घेतानाची पातळी) लावताना मास्टर खाली, चॅनेलचा फेडर ‘०’च्या खुणेवर. गायकाला त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजात गायला सांगायचं, क्लिपचा लाल दिवा चमकू लागेपर्यंत गेन वाढवायचा, मग थोडा मागे घ्यायचा. गाण्याच्या माइकांवर लो-कट (अगदी खालचे धपधप आवाज कापणारं बटण) चालू ठेवायचं. मगच मास्टर हळूहळू वर.

केबलवर बचत करू नकोस. गिटारची केबल जॅक तोच असला तरी स्पीकरला लावायची नाही. आतली तार केसाएवढी बारीक. ४ ओहमच्या भाराला २० मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लावली तर स्पीकरपर्यंत पोचणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. २.५ चौरस मिलिमीटरला हा तोटा साडेबारा टक्के. स्पीकॉनची (स्पीकरच्या केबलसाठीच्या खास जोडणीची) टोकं घे, ती फिरवून कुलूपबंद होतात आणि कोणाचा पाय अडकला तरी निसटत नाहीत.

लॅपटॉप चार्जरवर असताना स्पीकरमध्ये गुणगुण आली तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मध्ये घाला. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी देईल, तो अजिबात ऐकायचा नाही. पंख्याच्या जाळीपुढे वीतभर जागा मोकळी ठेवा आणि पेटीवर कापड टाकू नका.

जुना मिळत असेल तर स्वतःचे स्पीकर घेऊन जा आणि तासभर वाजवून बघ. दहा मिनिटांत कळत नाही. प्रत्येक चॅनेलमध्ये माइक लावायचा, प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवायचा. खरखर असेल तर ती बहुधा धुळीची असते, साफ होते. सॉकेट सैल असेल, किंवा हलवल्यावर आवाज ये-जा करत असेल तर आत सोल्डरचा डाग सुटलेला असतो, ते दुरुस्तीचं काम. पंखा फिरतोय ना ते हाताने नव्हे, वाऱ्याने तपास.

दोन मॉडेलांवर बोट ठेवलंस की त्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव, ओहमचा छापील मजकूर वाचता येईल असे. ते बघूनच मेन आणि मॉनिटरची जोडणी कागदावर काढून देतो.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ