समाजमंदिरातला वर्ग चालवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायला शाल-श्रीफळ देऊन मोकळं होता आलं असतं. पण मग तुम्ही नेमकं काय केलं, ते गावाच्या लक्षात राहिलं नसतं. आजूबाजूच्या गावांतले शिक्षक आणि पालक एकच विचारतात, पोरं एवढी बोलकी कशानं झाली? म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहितो आहोत.

‘घाबरू नको’ हे तुम्ही कुठल्याही मुलाला म्हटलं नाही. काम एवढं लहान करायच्या की घाबरायला जागाच उरू नये, आणि ते जमलं की पुढचं थोडं मोठं द्यायच्या. तुमच्या वर्गातलं बाकी सगळं यातूनच निघालं.

सुरुवात वाचनाच्या तपासणीनं झाली. एकेका मुलाला बाजूला बसवून आधी अक्षरं, मग शब्द, सोपा परिच्छेद आणि शेवटी छोटी गोष्ट. मुलामागं चार-पाच मिनिटं. गट इयत्तेवर न पाडता या पातळीवर पाडले. बऱ्याच गावांत इथंच गाडं अडते. सातवीतलं पोरगं तिसरीतल्यांच्या रांगेत शब्द वाचायला बसवलं, की दुसऱ्या दिवशी ते येतच नाही. तुम्ही अशा मोठ्या मुलांना वाचनसोबती केलं. त्यांनी लहानांना गोष्ट वाचून दाखवायची आणि त्यासाठी आदल्या रात्री तीच गोष्ट घरी तीनदा वाचून यायची. सोपं पुस्तक हातात धरायला कारण मिळालं आणि लाज आपोआप गेली.

गणितातही तसंच. ४०२ वजा १७८ दिलं, की कितीतरी मुलं ३७६ लिहितात. वर-खाली न पाहता ती मोठ्या अंकातून लहान अंक काढतात. वहीवर लाल फुली मारली तर पोरगं पुढचं उदाहरण कोरंच ठेवते. तुम्ही विचारायच्या, ‘हे कसं केलं, मला सांग बरं,’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायच्या. हे गप्प बसणं आम्हा शिक्षकांना सगळ्यात जड जातं. मग तुरीच्या काड्या यायच्या. दहा काड्यांची जुडी, दहा जुड्यांचा भारा. ४०२ म्हणजे चार भारे आणि दोन सुट्या काड्या, जुडी एकही नाही. दोन काड्यांतून आठ जात नाहीत, उसनी घ्यायला जुडी नाही, म्हणून भारा सोडावा लागतो. भाऱ्याच्या दहा जुड्या, त्यातली एक सोडून दहा काड्या. आता तीन भारे, नऊ जुड्या, बारा काड्या. यातून १७८ काढले की २२४ मुलाला जमिनीवर मांडलेले दिसतात. मधल्या शून्याचा नऊ का होतो, ते त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

बोलण्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण सगळ्यांना तेच शिकायचं आहे. आपल्याकडं २६ जानेवारी जवळ आली की मुलाला भाषण लिहून देतात आणि पाठ करून घेतात. ऐन वेळी एक ओळ विसरली की पुढचं सगळं गळतं, आणि ते पोरगं पुढं माइकजवळ फिरकत नाही. तुम्ही पाठांतर बंदच केलं. आधी जागेवर बसून सोबत्याला सांगायचं, मग दोघांनी मिळून उभं राहून, मग एकट्यानं पाच-सहा जणांपुढं, आणि सगळा वर्ग त्यानंतर. विषय हातातला: डवरणी केव्हा करतात, बैलाला काय खाऊ घालतात, पऱ्हाटीवर बोंडअळी कशी ओळखतात. तीन बोटांवर तीन मुद्दे धरायचे, काय, कसं आणि कशासाठी. वाक्य विसरलं तरी बोट असतं. बोलून झालं की ऐकणाऱ्यांनी एक तरी प्रश्न विचारायचा, म्हणजे ऐकणंही शिकायचं.

आणि भाषेवरून कुणाला हसू दिलं नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ सगळं चालायचं. कोलामी बोलणाऱ्या घरच्या मुलानं आधी आपल्या बोलीत सांगायचं आणि मग मराठीत. पुस्तकी मराठी नंतर आली, पण आली. पहिल्याच दिवशी जीभ सुधारायला गेलं की पोरगं तोंडच उघडत नाही, हे आमच्या पेशातल्या अनेकांना अजून पटत नाही.

चारित्र्यावर तुम्ही प्रवचन दिलं नाही, त्याचे वेगळे आभार. पेन्सिली, खोडरबर आणि पुस्तकांची पेटी बिनकुलपाची, शेजारी नोंदवही. वहीची आणि खोलीच्या किल्लीची जबाबदारी दर पंधरवड्याला नव्या जोडीकडं. पुस्तक फाटलं तर दंड नाही, खळ आणून ज्यानं त्यानं चिकटवायचं. सराव चाचणी झाली की उत्तरसूची मुलांच्याच हातात, आणि गुण फळ्यावर कधीच नाहीत. गुण कुणाला दिसणारच नाहीत, तर पाहून लिहायचं कशाला? शाबासकीही नेमकी द्यायच्या, ‘दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर आणलं’. ‘हुशार’ म्हणत नव्हत्या. हुशार ठरलेलं मूल अवघड उदाहरणाला हात लावायला कचरते.

आठवीच्या मुलांची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा डिसेंबरात येते, म्हणजे नेमकी कापूस वेचणीत. तुम्ही पालकांशी वाद घातला नाही. वेचणीच्या दिवसांत वर्ग रात्री जेवणानंतर, घरचा अभ्यास पाच उदाहरणांची एक चिठ्ठी. बौद्धिक क्षमता चाचणी ९० प्रश्नांची, शालेय क्षमता चाचणी ९० प्रश्नांची, दोन्हींना दीड-दीड तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. येणारी उत्तरंही मुलं घालवतात ती गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेत. एक प्रश्न सोडला, पण त्याचा गोल सोडला नाही, की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहायची सवय तुम्ही लावली. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही गोल कोरा ठेवायचा नाही, हेही शिकवलं.

त्याआधीची कागदांची खटपट तर कुणाला दिसतच नाही. उत्पन्नाचा दाखला साडेतीन लाखांच्या आतला हवा. आधार कार्डावरचं आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधलं नाव अक्षरशः सारखं हवं, बँकेचं खातं आधारशी जोडलेलं हवं. निवड होऊनही वर्षाचे १२,००० रुपये अडकतात ते अशाच कारणांनी. तुम्ही ही तपासणी जुलैतच करून घ्यायच्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहायचा. निवड झालेल्यांनी दरवर्षी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर नूतनीकरण करायचं आणि अकरावीत रक्कम सुरू राहायला दहावीत ६० टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट), हे तुम्ही आठवीतच घरी जाऊन सांगितलं.

मुली रात्री येऊ शकल्या, कारण व्यवस्था पक्की होती. दारं सताड उघडी, गावातली दुसरी एक बाई कायम हजर, एकट्या मुलाला मागं थांबवून घ्यायचं नाही, आणि परत जाताना गल्लीवार जोड्या. ‘शिकून काय होते?’ म्हणणाऱ्या बापाला तुम्ही उत्तर दिलं नाही, पोरीला पाच मिनिटं त्याच्यासमोर वाचायला लावलं. निरक्षर आईलाही काम दिलं: रोज ‘आज काय वाचलं?’ विचारायचं आणि ऐकून झाल्यावर वहीत एक उभी रेघ मारायची.

तुमची पातळ्यांची वही आणि तपासणीचे कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवले आहेत. ज्या गावाला नक्कल हवी असेल त्यांनी शनिवारी शाळेत यावं. आपल्याकडं शाळा जूनच्या अखेरीस उघडते. पहिल्या आठवड्यात पुन्हा वाचन तपासणी घ्यायची आहे आणि यंदा बारावी झालेल्या दोन मुली ती घेणार आहेत. तुम्ही एकदा त्यांच्या शेजारी बसावं, एवढी विनंती.

आपले,
शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा