बाळाचं ठरलंय ना, मग तू पण तयारीला लाग

बाबू,

सुनबाईने फॉलिक ॲसिड सुरू केलं का विचारलं तर तू लगेच म्हटला, आई ते तिलाच विचार ना. म्हणून हे मुद्दाम तुला लिहून राहिले. सगळी नोकरी शहादा-तळोद्याकडे नर्स म्हणून गेली माझी, मला लाजबिज काही नाही, तू पण लाजू नको.

फॉलिकचं आधी सांगते. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येऊन टेस्ट करेपर्यंत ते काम उरकत आलेलं असतं, म्हणून गोळी आधीपासून लागते, कमीत कमी महिनाभर, तीन महिने असले तर अजून चांगलं, आणि दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने. रोज 400 मायक्रोग्रॅम पुरे. मेडिकलवाला बऱ्याचदा 5 मिलिग्रॅमची पट्टी हातात देतो, ती डायबेटीस किंवा फिटची औषधं चालू असणाऱ्या बायांना डॉक्टर देतात, तेव्हा डोस विचारूनच घ्या.

आता तुझं. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज तंबाखू सोडली तर फायदा तेव्हा दिसेल, म्हणजे बाळाचं ठरवायच्या महिन्यात सोडून उपयोग नाही. दिवाळीला तुझी बॅग धुवायला काढली तेव्हा पुड्या सापडल्या मला, बोलले नाही तेव्हा. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आपल्या राज्यात, तरी तुम्हाला मिळतो कुठून देव जाणे! शनिवारची पार्टी पण बंद. आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन् तास बसतो ना, त्या जागेला उष्णता सोसत नाही, शरीरापेक्षा थंड राहावी म्हणून तर देवाने ती बाहेर ठेवली, हसू नको.

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून पोरात उतरणारा रक्ताचा आजार, तो दोघांनी तपासा. नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात मी ती पोरं पाहिली आहेत, सांधे दुखून रात्रभर रडणारी. आपल्यात नसतं असं म्हणू नको, वाहक माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाच माहीत नसतं. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता की बाळाला आजार होईल. आपले लोक पत्रिका घेऊन ब्राह्मणाकडे जातात पण हे एक रक्त कोणी तपासत नाही. एचपीएलसी टेस्ट सांग लॅबमध्ये, थॅलेसेमियाचं पण त्यातच कळतं.

तिचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली नको, थायरॉईड, शुगर, बीपी बघून घ्या. रुबेलाची लस झाली नसेल तर आताच घ्यायची, आणि त्यानंतर महिनाभर थांबायचं. आधीपासून कसली गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगा की आम्ही बाळाचा विचार करतोय, ते बदलून देतील.

जेवल्या जेवल्या चहा पिते ती, तो तासभर पुढे ढकला, त्याने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. मेथी, डाळी, बाजरीची भाकरी, वरून लिंबू पिळायचं. शेवभाजी रोज नको रे, तेल किती असतं! आणि ती मांसमच्छी खात नाही तर बी12 पण तपासा.

वर्षभर प्रयत्न करून नाही राहिलं तर डॉक्टरकडे जायचं, पस्तिशीच्या पुढच्या बाईने सहा महिन्यांतच. जायचं म्हणजे दोघांनी. आपल्याकडे सुनेला सगळे वैद्य-बाबा फिरवून आणतात आणि पोराची वीर्यतपासणी शेवटी, ती पण मन मारून, आणि खरं सांगते ती सगळ्यात सोपी, स्वस्त तपासणी आहे. मी असेपर्यंत आपल्या घरात असं होणार नाही. मावशी-काकू लग्नात विचारतील "काही गोड बातमी?", तर उत्तर तू द्यायचं, तिला पुढे करू नको.

दादर ज्वारीचं पीठ आणि उडदाचे पापड ट्रॅव्हल्सने पाठवले आहेत, सकाळी उतरवून घे. रिपोर्ट आले की फोटो टाक, दोघांचे.

तुझी आई