सुधीरला, ठाण्याच्या पहिल्या पावसाआधी

पुणे, २६ मे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

सामान नीट पोचलं, वहिनींना घर आवडलं, हे ऐकून बरं वाटलं. पण फोनवर तू सगळ्यात जास्त बोललास ते कुंड्यांबद्दल, आणि मला त्याचाच जास्त आनंद झाला. सोलापूरच्या गच्चीवरचे तुझे निवडुंग मी लहानाचे मोठे होताना पाहिलेत. ट्रकमध्ये जागा उरली नाही तेव्हा तो गोल पिवळ्या काट्यांचा गडी तू गाडीत मांडीवर घेऊन आणलास म्हणे. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय, आणि पाऊस लागायच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून घाईनं लिहितोय.

सोलापूरची सवय आधी सोड. तिथे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, ठाण्यात अडीच हजारांच्या आसपास. तू म्हणशील, झाडं तर घरात आहेत, पावसाचा काय संबंध? संबंध हवेचा आहे. गच्चीवर पाणी घातलंस की दोन-तीन दिवसांत कुंडी खडखडीत वाळायची. जुलैत ठाण्यात दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथे कुंडीच्या तळची माती कुठून वाळणार! मुळं ओल्यात बसली की त्यांना हवा मिळत नाही, बुरशी धरते आणि सड खालून वर चढते. वरून झाड हिरवंगार दिसतं. कळतं तेव्हा बुंध्याशी बोट दाबलं तर ते आत जातं.

या झाडांचं पोट कसं चालतं ते एकदा लक्षात घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचेल. बाकीची झाडं दिवसा रंध्रं, म्हणजे अंगावरची श्वासाची बारीक छिद्रं, उघडतात. निवडुंग ती रात्रीच्या गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो आणि दिवसा रंध्रं मिटून, उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न करतो. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी फारच कमी उडतं. ढगाळ दिवसांत ऊन नाही, म्हणजे वाढ नाही, म्हणजे पाण्याची मागणीही नाही. जून ते सप्टेंबर त्या गोल निवडुंगाला जवळजवळ काही देऊ नकोस. अंग जरा आत ओढल्यासारखं दिसलं तर कडेनं चार चमचे पाणी, तेही उघडीप असेल त्या दिवशी. बाकीच्या महिन्यांत मात्र चमच्या-चमच्यानं घालू नकोस. भोकातून वाहेपर्यंत भरपूर घाल, ताटलीत साठलेलं ओतून दे आणि तळापर्यंत वाळल्याशिवाय पुन्हा हात लावू नकोस. तळ वाळला का हे बघायला उदबत्तीची जुनी काडी मातीत खोल टोचून काढ. काडीला ओलसर माती चिकटली तर थांब. काही दिवसांनी कुंडी नुसती उचलली तरी हाताला कळायला लागेल.

उजेडाबद्दल मी जरा हट्टी आहे. बैठकीतल्या टीव्हीशेजारी ही झाडं ठेवू नका, कितीही शोभली तरी. आपल्या डोळ्यांना ती जागा उजळ वाटते, पण खिडकीपासून चार-पाच फूट आत आलं की उजेड झपाट्यानं घटतो. तो कमी पडला की गोल निवडुंग वरच्या बाजूला निमुळता, फिकट व्हायला लागतो, नवे काटे बारीक येतात. तो आकार पुन्हा भरून येत नाही. तुझी दक्षिणेची खिडकी उत्तम. मात्र ग्रिलच्या बाहेरच्या कट्ट्यावर आत्ता ठेवू नकोस, तिरपा पाऊस थेट कुंडीत येतो. खिडकीच्या आत, काचेला लागून ठेव, आठवड्याला थोडी थोडी फिरव. अंधारून आलेल्या आठवड्यांसाठी एक पांढरा एलईडी दिवा वर टांगलास तर फारच छान. आणि ऑक्टोबरात एकदम कडक उन्हात नेऊ नकोस; महिनाभर मऊ उजेडात राहिलेली कातडी भाजते आणि तो डाग कायमचा राहतो.

सिमेंटच्या कुंड्या जड, त्या बदलच. मातीची कुंडी घे, झाडापेक्षा दोन बोटं रुंद, तळाला भोक हवंच. बागेतली माती, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे समान, त्यात मूठभर कुजलेलं शेणखत. वाळू नदीची किंवा दगडाची चुरी चालेल, समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. वर्तमानपत्राची जाड पट्टी घडी घालून झाडाभोवती गुंडाळ आणि तिची दोन टोकं धरून उचल. काटाही मोडत नाही आणि हातही वाचतो. नव्या मातीत बसवलं की आठवडाभर कोरडंच ठेव, तुटलेली मुळं आधी सुकू देत.

आता तुझं लाल फुलांचं काटेरी झाड. ते निवडुंगाच्या कुळातलं नाहीच, युफोर्बिया मिली आहे, मूळचं मादागास्करचं. निवडुंगाचा काटा नेहमी कापसासारख्या छोट्या गादीतून उगवतो. याच्या खोडाला ती गादी नसते, आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. आपल्या डोंगरावरचा त्रिधारीसुद्धा याच कुळातला. उलट बांधावरचा फड्या, जो आपण जन्मापासून पाहतोय, तो अमेरिकेतून आलेला अस्सल निवडुंग. हे सांगतोय कारण त्या चिकाशी खेळू नये. डोळ्यात गेला तर आग होते, सूज येते. लगेच वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. छाटताना चश्मा आणि हातमोजे घाल, आणि चिंगीच्या हाताला येईल अशा जागी ते ठेवू नकोस. बाकी झाड फार गुणी. लाल दिसतात ती खरं तर रंगीत पानं, फूल त्यांच्या मधे इवलंसं असतं. त्याला पानं आहेत, म्हणून पावसाळ्यातही दोन-तीन आठवड्यांनी थोडं पाणी लागतं. पानं पिवळी पडून गळायला लागली तर घाबरून आणखी पाणी घालू नकोस, आधी काडी टोचून बघ.

चिंगीनं आणलेला तो लाल टोपीचा निवडुंग म्हणजे दोन झाडांचं कलम आहे. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नाही, तो एकटा जगूच शकत नाही. खालचा हिरवा दांडा त्याला पोसतो. तो दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या भावकीतला असतो, सोलापूर-सांगलीकडे ज्याच्या बागा झाल्यात. दोघांचा वेग जुळत नाही, म्हणून असं कलम सहसा काही वर्षंच टिकतं. हे चिंगीला आत्ताच सांगून ठेव, नाहीतर पोर स्वतःला दोष देईल. त्याला थेट कडक ऊन मात्र नको. आणि वर गोंदानं चिकटवलेले रंगीत खडे असतील तर कोमट पाण्यात भिजवून काढून टाक. ओल खाली कोंडून ठेवणारी ती सजावट मला अगदी सहन होत नाही.

काट्यांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये कानकाडी बुडवून एकेक ठिपका पुस, आठवड्यानं पुन्हा बघ. दिसला की तेवढी कुंडी इतरांपासून लांब ठेव.

त्या गोल गड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. मेक्सिकोत त्याचं मूळ घर झिमापान धरणाच्या पाण्याखाली बऱ्याच अंशी गेलं, १९९० च्या दशकात. जगभरच्या कुंड्यांत तो लाखांनी आहे, आणि जंगलात धोक्यात. तुझ्याकडचा तीस वर्षं जगू शकतो, मग चिंगी तो आपल्या घरी नेईल.

काडी टोचून काय निघालं ते कळव, आणि खिडकीचा फोटो दुपारी बारा वाजताचा पाठव. त्यावरून कोण कुठे ठेवायचा ते सांगतो. वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक