कामावर घेशील तर पगारावर घे

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, तुझ्या रबाळ्याच्या युनिटमध्ये डाऊन सिंड्रोम (म्हणजे जन्मजात बौद्धिक अपंगत्व) असलेल्या एखाद्या मुलाला पॅकिंगला घ्यावं का, आणि भागीदार नको म्हणतायत त्यांना काय सांगावं. गाडीच्या गर्दीत उभं राहून बोलण्यासारखा तो विषय नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय. घे, असंच मी म्हणेन. पण इतरांसारखं पगारावर घे. उपकार म्हणून घेणार असशील तर त्या घराला उगाच आशेला लावू नकोस.

इतकं रोखठोक लिहितोय, कारण माझ्या भाचीलाही डाऊन सिंड्रोम आहे आणि तिचं सगळं जवळून बघितलंय. तिच्याशी कधी कुणी वाईट वागलं नाही. सोसायटीच्या गणपतीत आरतीचं ताट आधी तिच्या हातात देतात. देवाचं लेकरू म्हणतात, गालावरून हात फिरवतात. पण बहिणीने तिच्या नोकरीसाठी शब्द टाकला की तीच माणसं चपापायची. आमच्याकडे तिच्याजोगतं काम नाही, गिऱ्हाइकांना कसं वाटेल, काही झालं तर जबाबदारी कोणाची. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, ‘कशाला बिचारीला त्रास?’ तिला काय काय येतं, हे एकानेही विचारलं नाही.

घरातूनही विरोध होताच. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, ‘आपल्याला काय कमी आहे? पोरीला कामाला जुंपलं म्हणतील लोक.’ त्या माऊलीने नातीचं सगळं आयुष्यभर केलंय, त्यामुळे त्यांचं बोलणं मला लागलं तरी कळत होतं. आपल्याकडे असं मूल घरात बसवून सांभाळलं तर आईबापांचं कौतुक होतं, आणि त्याला कामाला पाठवलं तर त्यांनी अंग काढून घेतलं असं वाटतं. त्याच घरात तिच्या धाकट्या भावाला नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले होते. पुढे कितीतरी दिवस ही त्याचं आयकार्ड गळ्यात अडकवून घरभर फिरायची. तिला नोकरी हवी होती, आणि ते तिने तिच्या परीने सांगितलंही होतं.

आईबापांच्या मागे काय, हा प्रश्नही आता टाळता येत नाही. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं, आता ते ६० च्या घरात आहे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. पूर्वी त्यातच कितीतरी जात, आता शस्त्रक्रिया होतात. आपल्याकडेही चाळिशी-पन्नाशीतली अशी माणसं दिसू लागली आहेत. अठराव्या वर्षी शाळा संपली की पुढची चाळीस वर्षं त्यांनी टीव्हीसमोर बसून काढायची का, सांग.

तिचा पहिला अनुभव मुद्दाम लिहितो, कारण भागीदार तुला तोच मार्ग सुचवतील. ठाण्यातल्या एका ठिकाणी तिला ठेवून घेतलं. पगाराला पगार म्हणायचे नाहीत, ‘मानधन’ म्हणायचे, आणि तेही रिक्षाभाड्यात संपायचं. बहिणीने विषय काढला तर उत्तर मिळालं की तिला पैशांतलं काय कळतं, घरी बसण्यापेक्षा बरं ना! नेमून दिलेलं काम नव्हतं. कधी पाणी दे, कधी नुसतं बस. २१ मार्चला मात्र सगळे फोटो काढायला जमले. या मुलांच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन. तिला मधोमध उभं केलं, केक कापला. मला त्या दिवशी फार संताप आला होता. थोड्याच दिवसांत बहिणीने तिला तिथून काढलं.

आता ती कोपरखैरण्याला सुक्या मेव्याच्या पॅकिंगमध्ये आहे. तिथल्या मालकांनी आधी काम दाखवलं आणि मग हिला काय जमेल ते बघितलं. सुरुवातीला तिच्या शाळेच्या बाई तिच्यासोबत टेबलापाशी उभ्या राहायच्या, पुढे हळूहळू यायच्या बंद झाल्या. कामाचे टप्पे फोटो काढून क्रमाने भिंतीवर लावले: पिशवी उघड, काट्यावर ठेव, भर, लेबल लाव, कार्टनमध्ये रच. अशा बहुतेक मुलांना ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बघून लक्षात ठेवणं सोपं जातं. स्नायू जात्याच सैल असल्यामुळे फार वेळ उभं राहिलं की ती थकते, म्हणून स्टूल दिलं. तिचं बोलणं अस्पष्ट आहे, पण बोलता येतं त्याहून तिला पुष्कळ जास्त समजतं. उत्तराला थोडा वेळ द्यावा लागतो. एवढीच सोय.

अशी मुलं कायम हसरी असतात हे कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कुणी न सांगता तिचा ट्रे हलवला तर ती चांगली भडकते. जोडीच्या मावशी आधी प्रेमापोटी तिचं अर्धं काम स्वतःच उरकायच्या आणि तिला ‘बाळ’ म्हणायच्या. मालकांनी दोन्ही बंद करायला लावलं. तेवीस वर्षांची बाई आहे ती. वेग अजूनही इतरांपेक्षा कमी आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तिच्या हातची पिशवी वजनात कमी-जास्त सापडत नाही, आणि दांड्या नाहीत.

गिऱ्हाइकांचं म्हणशील, तर तुझ्या युनिटला गिऱ्हाईक येतंच कुठे? आणि जिथे येतं तिथेही अडत नाही. लेमन ट्री हॉटेलांमध्ये डाऊन सिंड्रोम असलेले कर्मचारी पाहुण्यांना वाढतात. जुहूला ‘कॅफे अर्पण’ बौद्धिक दिव्यांग मुलंमुली चालवतात. तिथे लोक पैसे मोजून खातात.

भागीदारांना कायद्याची भीती घालू नकोस. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सरकारी नोकरीत ३ टक्के राखीव जागा होत्या, पण त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांसाठी. बौद्धिक दिव्यांग त्यात नव्हतेच. २०१६ च्या कायद्याने ४ टक्के केल्या. त्यातल्या १ टक्क्यात ऑटिझम, मानसिक आजार, बहुविकलांगता यांच्याबरोबर त्यांनाही जागा मिळाली. खासगी मालकांवर सक्ती नाही, ५ टक्के दिव्यांग घेणाऱ्यांना सरकारने प्रोत्साहन द्यावं एवढंच त्यात आहे. म्हणजे तुझ्या युनिटचं तुम्हालाच ठरवायचंय.

अपघाताची काळजी रास्त आहे. पहिल्या दिवशीच सीलिंग मशीनवर बसवू नकोस, पण कायमचं ‘तिकडे फिरकायचं नाही’ असंही करू नकोस. शिकवून बघ. मुलगा निवडण्याआधी वाशीला महापालिकेचं ईटीसी म्हणून दिव्यांगांसाठी शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे तिथे जा, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं केंद्र आहे तिथेही विचार. काम काय, किती वाजता, कुठल्या स्टेशनवरून चालत यायचं, ते सगळं खरंखुरं सांग. हजेरी, सुट्टी, बोनस इतरांसारखं ठेव. चूक झाली तर त्यालाही सांग, दुर्लक्ष करू नकोस. आणि प्रयत्न करून काम नाहीच जमलं तर तेही सरळ सांग. आपल्या पोरांना तरी पहिली नोकरी कुठे टिकते?

शनिवारी भागीदारांना घेऊन कोपरखैरण्याला ये. मालकांशी बोलून ठेवलंय, दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी पोहोच म्हणजे काम चालू असताना बघता येईल. बहीणही येणार आहे, पण कामाबद्दल जे विचारायचं ते भाचीलाच विचारा. तुझ्या पॅकिंग टेबलाचे आणि लेबलांचे फोटो मला आधी पाठव, शाळेच्या बाईंना दाखवून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच