दादरचा फलाट आणि मुरलेली अक्कल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठीनंतर मेंदू तल्लख कसा ठेवावा, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. रोज कोडी सोडवा, बुद्धी वाढेल, असं त्यात छातीठोकपणे लिहिलंय. मी ६८ वर्षांची आहे आणि आपल्या अंकातलं सुडोकू एक दिवस चुकवत नाही. तेव्हा यावर बोलायचा थोडा हक्क मला आहे.

माझी ३२ वर्षं चर्नी रोडच्या एका कचेरीत टंकलेखनात गेली. घर मुलुंडला, म्हणजे रोज दादरला गाडी बदलणं आलं. पूल ओलांडून कुठला जिना उतरायचा हे पायांनाच ठाऊक असायचं, डोकं तेव्हा संध्याकाळच्या भाजीत. ९ डिसेंबर २०२३ ला दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे ८ ते १४ झाले. बदल योग्यच होता, एका स्टेशनात दोन-दोन ‘एक नंबर’ म्हणजे नवख्याची फसगत ठरलेली. पण त्यानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा ‘प्लॅटफॉर्म क्रमांक दहा’ अशी घोषणा ऐकली आणि पुलाच्या मधोमध थबकले. दहा म्हणजे जुना चार की पाच? हिशेब जुळेपर्यंत गाडी गेली. दहावीतला नातू बरोबर होता. त्याने पाटी वाचली नि तो सुटला. त्याला विसरायला जुनं काही नव्हतंच. वर मला म्हणतो, “आजी, तुझं डोकं हँग झालं.”

नातवाचं निदान अर्धं बरोबर. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात बुद्धीचे दोन भाग मांडले, पुढे जॉन हॉर्न यांनी ती मांडणी वाढवली. पहिली प्रवाही बुद्धिमत्ता: कधी न पाहिलेला प्रश्न, पाठांतर-अनुभव काही हाताशी नसताना, जागच्या जागी सोडवायची ताकद. दुसरी स्फटिकी: जन्मभर साठत आलेले शब्द, रीतभात, कामाची नजर. (मराठी प्रतिशब्द करणाऱ्यांनी इंग्रजी शब्दाला शब्द ठेवलाय. ताजी अक्कल आणि मुरलेली अक्कल म्हटलं असतं तर माझ्या आईलाही कळलं असतं.)

ताजी अक्कल मोजायला जॉन रेव्हन यांची १९३८ सालची चाचणी आजही वापरतात. तिच्यातली अवघड कोडी अशी असतात: तीन ओळी, तीन रकाने, आठ घरांत आकृत्या, नववं रिकामं. ओळीओळीने काहीतरी फिरतंय, काहीतरी गळतंय. नियम ओळखायचा आणि खालच्या पर्यायांतून नववी आकृती उचलायची. शब्द नाहीत, शाळेत शिकलेलं काही आठवायचं नाही. पण दोन-तीन नियम एकदम मनात धरून ठेवावे लागतात. एक नीट धरला की दुसरा निसटतो. ही पकड आणि मनाचा वेग वयाबरोबर ढिला पडतो, आणि त्याची सुरुवात साठीत नव्हे, विशी-तिशीतच होते. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत वाढतच असतो.

माझ्याच धंद्यातला दाखला देते. टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९ ते ७२ वयाच्या टायपिस्टांची पाहणी केली, ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. खूण दिसताच पटकन कळ दाबायच्या चाचणीत ज्येष्ठ मंडळी मागे पडली. मजकूर टाइप करायला दिला तेव्हा मात्र तरुणांच्या बरोबरीने! ज्येष्ठांची नजर बोटांच्या बरीच पुढची अक्षरं वाचत होती. हे वाचून मला हसू आलं. साहेबांचं अक्षर कितीही गिचमिड असो, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आलं की ‘आपणांस कळविण्यात येते की’ माझ्या बोटांत तयार असायचं.

आता कोड्यांचं. स्मरणशक्तीचा एक विशिष्ट सराव रोज केला तर प्रवाही बुद्धिमत्ता वाढते, असं २००८ साली सुझान येगी आणि सहकाऱ्यांनी मांडलं. बराच गाजावाजा झाला. पुढे इतरांनी जास्त काटेकोर तुलना केली तेव्हा लोक त्या सरावात तरबेज झालेले दिसले, बाकी अक्कल होती तिथेच. अशा खेळांच्या जाहिरातींत अवाच्या सवा दावे केले म्हणून अमेरिकेत २०१६ साली एका कंपनीला २० लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे तोच दावा पुरवणीत फुकट छापून येतो, याचं वाईट वाटलं.

ताजी अक्कल एकाच माणसात दिवसागणिकही कमी-जास्त होते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना रेव्हनची कोडी तोडणीआधी हात तंग असताना दिली, पुन्हा पैसे हाती आल्यावर दिली. माणसं तीच, पण ओढगस्तीच्या दिवसांत कमी पडली. हे संशोधन २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलं. मला ते बँकेच्या खिडकीपाशी पटतं. मागे रांग चुळबुळतेय, समोरचा मुलगा “आजी, ओटीपी सांगा लवकर” म्हणतोय, आणि फोनवरचे सहा आकडे त्याच्या कानापर्यंत नेताना मधला एक हमखास गळतो. घरी, चहा पुढ्यात असताना तेच सहा आकडे मी दोनदा म्हणून दाखवीन.

सुडोकू बंद करा असं माझं म्हणणं नाही, चहाबरोबर ते लागतंच. फक्त त्यावरची ‘बुद्धी वाढवा’ ही ओळ तेवढी काढावी. आणि हो, गुरुवारच्या उत्तरात चौथ्या ओळीत ७ दोनदा छापलाय, २ कुठेच नाही. तेही पाहावं.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई